चुकीची कळ दाबल्यावर काय होते?

१९९९ साली जपानच्या सेगा कंपनीने व्हिडिओ गेमच्या दुकानांत एक अजब यंत्र आणले. पडद्यावर मेलेली माणसे उठून खेळाडूच्या अंगावर चालून येत आणि प्रत्येकापाशी एक शब्द लिहिलेला असे. तो शब्द बरोबर टाइप केला की प्रेत कोसळे. मुळात हा कंपनीचाच ‘द हाउस ऑफ द डेड २’ नावाचा गोळीबाराचा खेळ. बंदूक काढून तिच्या जागी कीबोर्ड बसवला आणि ‘द टायपिंग ऑफ द डेड’ तयार झाला. शाळेच्या संगणक कक्षात तो कोणी लावणार नाही हे उघड आहे. पण टायपिंगचा कुठलाही खेळ पारखताना विचारायचा पहिला प्रश्न त्याच्यात आयता सापडतो: हात चुकला तर काय होते? या खेळात चुकीच्या कळीने शब्द पुढे सरकत नाही, प्रेत मात्र सरकते.

टायपिंग शिकवणारे कार्यक्रम आणि खेळ आज फुकटात, डझनांनी मिळतात. शाळांमध्ये निवड अनेकदा पडद्यावरच्या रंगांवरून होते, नाहीतर ‘मुलांना आवडला’ एवढ्यावरून. आवडायला तर हवेच, कारण कंटाळलेले मूल सराव करत नाही. तरी आवडलेला प्रत्येक खेळ टायपिंग शिकवतो असे नाही. काही खेळ आधीपासून येत असलेल्या टायपिंगची नुसती परीक्षा घेतात आणि काही तर वाईट सवयींना बक्षीस देतात.

टायपिंग येते म्हणजे नेमके काय येते, हे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या एका प्रयोगातून छान दिसले. शंभर जणांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांचा वेग सरासरी मिनिटाला ७२ शब्द आणि अचूकता ९४ टक्के भरली. मग त्यांच्यापुढे कोऱ्या कळफलकाचे चित्र ठेवले आणि ८० सेकंदांत अक्षरे जागच्या जागी भरायला सांगितली. इंग्रजीच्या २६ अक्षरांपैकी सरासरी १५च बरोबर बसली. बोटांना जे बिनचूक ठाऊक होते, ते त्या बोटांच्या मालकांना सांगता येईना. म्हणजे कळफलकाचा तक्ता पाठ करून घेणारा धडा फारसा उपयोगाचा नाही. बोट योग्य कळीवर पुन्हा पुन्हा गेले की वाट पक्की होते. चुकीच्या कळीवर पुन्हा पुन्हा गेले तर ती वाटही तितकीच पक्की होते, आणि शिकवणीतली सगळी अडचण इथेच आहे.

कळफलकाकडे न बघता टाइप करण्याची कीर्ती १८८८ साली पसरली. त्या वर्षी २५ जुलैला अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात फ्रँक मॅगरिन आणि लुई ट्रॉब या दोघांत शर्यत झाली. मॅगरिनने कळफलक बोटांत बसवला होता, ट्रॉब कळा बघून टाइप करी. मॅगरिनने सहज बाजी मारली आणि पुढे टायपिंगच्या वर्गांनी तीच पद्धत उचलली. महाराष्ट्रातल्या टायपिंगच्या संस्थांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेलेली ‘एएसडीएफजीएफ, सेमिकोलन एलकेजेएचजे’ ही ओळ त्याच पद्धतीची. मधल्या ओळीवर बोटे टेकवायची, तिथून वर-खाली जायचे आणि परत मधल्या ओळीवर यायचे. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे त्यासाठीच आहेत. नजर खाली न नेता तर्जनींना आपले घर त्यांच्यामुळे सापडते.

आता खेळांकडे वळू. चूक झाल्यावर ते एकमेकांपासून किती वेगळे वागतात, ते पाहण्यासारखे आहे.

‘टाइपरेसर’ हा २००८ पासूनचा खेळ. पुस्तकांतले, चित्रपटांतले उतारे टाइप करायचे आणि जितका वेग तितकी आपली छोटी मोटार पुढे. अक्षर चुकले की ते दुरुस्त केल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मागे जाऊन खोडण्यात वेळ जातो, त्यामुळे सावकाश पण बरोबर टाइप करणारा घाई करणाऱ्याला अनेकदा मागे टाकतो. ‘नायट्रो टाइप’मध्येही शर्यतच आहे आणि शाळकरी मुलांना तो विलक्षण आवडतो. पैसे मिळतात, नव्या गाड्या घेता येतात. पण त्यात ‘नायट्रो’ नावाची एक सवलत आहे: एंटर दाबला की समोरचा शब्द टाइप न करताच ओलांडता येतो. हुशार मूल ती सवलत लांब, अवघड शब्दासाठी राखून ठेवते. खेळ म्हणून ही युक्ती झकासच, पण ज्या शब्दाचा सराव व्हायला हवा तोच शब्द हुकतो. हा खेळ शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ठीक आहे. रोजचा धडा त्याच्यावर सोपवू नये.

अक्षरे वरून पडणारे खेळ तिसऱ्या प्रकारचे. ‘टक्स टायपिंग’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे लिहिलेले मासे वरून पडतात आणि बरोबर कळ दाबली की टक्स नावाचा पेंग्विन तो मासा गिळतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना कळांची ओळख करून द्यायला असे खेळ उत्तम. मात्र यातल्या बऱ्याच खेळांत चुकीची कळ दाबल्याचा काही तोटा नसतो. मूल एकाच बोटाने, कळफलकाकडे टक लावून, भराभर कळा बडवते आणि तरीही गुण मिळवते. अक्षरे ओळखू येऊ लागली की अशा खेळाचे काम संपले असे समजावे.

‘कीबीआर’ या संकेतस्थळाने आणखी वेगळा मार्ग घेतला आहे. सुरुवातीला मोजकीच अक्षरे मिळतात. त्यांतून कार्यक्रम उच्चारता येतील असे खोटे शब्द बनवतो. प्रत्येक अक्षराचा वेग आणि चुका तो वेगळ्या नोंदवतो, कच्चे अक्षर पुढच्या शब्दांत जास्त वेळा आणतो आणि ठरलेला वेग गाठल्यावरच नवे अक्षर देतो. पडद्यावर ना गाडी, ना मासा. लहान मुलांना हे रुक्ष वाटते, पण आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला आपले कोणते अक्षर अडते हे कळू लागले की त्याला त्यातच गोडी वाटते.

चुकांवरून धडा घडवण्याची ही कल्पना जुनी आहे. १९८७ साली अमेरिकेत ‘मेविस बीकन टीचेस टायपिंग’ हा कार्यक्रम बाजारात आला. वेष्टनावर नीटनेटक्या पोशाखातल्या एका कृष्णवर्णीय बाईंचे छायाचित्र होते आणि असंख्य लोकांना या मेविसबाई खऱ्या शिक्षिका वाटत. प्रत्यक्षात हे काल्पनिक पात्र होते आणि छायाचित्र हैतीत जन्मलेल्या एका मॉडेलचे. विद्यार्थ्याच्या चुका पाहून कार्यक्रम पुढचा धडा त्याच्यापुरता बदलत असे. त्यातल्या मोटारीच्या खेळात चूक झाली की समोरच्या काचेवर किडा येऊन फुटे. शिक्षा किरकोळ, पण लगेच होणारी आणि विनोदी. चुकीची जाणीव झाली पाहिजे आणि तिची भीती बसता कामा नये, हा तोल त्या किड्याने बरा साधला होता.

अचूकतेवर एवढा भर दिला तर वेग मागे पडेल, अशी पालकांची शंका असते. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांच्या १३ कोटी ६० लाख कळदाबांचा अभ्यास मांडला. त्यात सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द निघाला आणि वेगवान लोक मंद लोकांपेक्षा कमी चुका करतात असे आढळले. वेगवानांची आणखी एक खूण दिसली: पहिली कळ सुटायच्या आतच त्यांचे दुसरे बोट पुढच्या कळीवर दाब देते. असे हात तेव्हाच चालतात जेव्हा पुढचे अक्षर कोणते बोट घेणार हे आधीच ठरलेले असते.

त्याच विद्यापीठाच्या २०१६ मधल्या एका अभ्यासाने मात्र टायपिंगच्या शिक्षकांना थोडा धक्का दिला. तीस जणांच्या बोटांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या, तेव्हा सहाच बोटे वापरणारे, स्वतःच शिकलेले काही जण दहा बोटांवाल्यांइतकेच वेगवान निघाले. त्यांच्यात एक गोष्ट समान होती: एका कळीवर नेहमी एकच बोट. म्हणून मुलाची करंगळी कमी चालते यावर फार रागावण्यात अर्थ नाही. पण आज ‘क’ला एक बोट आणि उद्या दुसरे, असे होत असेल तर तिथे लक्ष घालावे लागते. आणि ते लक्ष माणसानेच घालायचे असते, कारण कळ कोणत्या बोटाने दाबली हे कीबोर्डला कळत नाही. कितीही महागडा कार्यक्रम घेतला तरी त्याला दिसते ती फक्त दाबलेली कळ. मुलाची मान खाली आहे का, मनगटे टेबलावर रेलली आहेत का, हे पाहायला वर्गात फिरणारा शिक्षक लागतोच.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यापुढे कार्यक्रम निवडण्याआधी आणखी एक निवड उभी असते. मराठी कोणत्या मांडणीने टाइप करायचे?

टायपिंगच्या अनेक संस्थांमध्ये आजही रेमिंग्टन मांडणी चालते. ती टाइपरायटरच्या काळातून आलेली. गोदरेज अँड बॉइसने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, त्यानंतर कचेऱ्यांत आणि संस्थांत हीच यंत्रे खडखडत राहिली. यंत्राला भाषेचे व्याकरण कळत नव्हते, अक्षर कागदावर जसे दिसते तसे ते ठोकावे लागे. म्हणून रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबतात, रफार व्यंजनानंतर, आणि अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा आहेत.

इनस्क्रिप्ट मांडणी याच्या उलट विचाराची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती आखली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम केले, त्यात ही मांडणी केंद्रस्थानी होती. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट धरले की ‘ख’, ‘त’वर धरले की ‘थ’, ‘प’वर धरले की ‘फ’. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाबायची: आधी ‘च’, मग वेलांटी. शिवाय भारतातल्या इतर लिप्यांसाठीही तीच मांडणी आहे. बेळगावातल्या मुलाने मराठीसाठी बोटे बसवली की कन्नडचा ‘क’ही त्याला त्याच कळीवर सापडतो.

या मांडणीची एक गंमत टायपिंगच्या धड्यांना फार उपयोगी पडते. इनस्क्रिप्टच्या मधल्या ओळीत डावीकडे ओकाराची आणि एकाराची मात्रा, पाय मोडण्याची कळ, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार आहेत. उजवीकडे प, र, क, त, च, ट. एवढ्यावर पहिल्याच दिवशी चोर, टोक, रोप, पत्र, चित्र, कुत्रे हे शब्द तयार होतात. इतकेच काय, ‘क्रिकेट’ हा अख्खा शब्द बोटे मधली ओळ न सोडता टाइप होतो. इंग्रजीत मधल्या ओळीवर घोकंपट्टी करणाऱ्या मुलाला खरे शब्द फार थोडे मिळतात. मराठी मुलाला जोडाक्षरासकट मिळतात.

तिसरा मार्ग फोनेटिकचा: रोमन अक्षरांत ‘एमएआरएटीएचआय’ लिहायचे आणि संगणकाने ते ‘मराठी’ करून द्यायचे. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीसाठी अशी सोय आतच मिळते. ज्याची बोटे इंग्रजीवर बसली आहेत त्याला हे सोपे जाते. मोबाइलवर तर हाताशी आणखी पर्याय आहेत. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संकल्पना केंद्रात घडलेला ‘स्वरचक्र’ कळफलक व्यंजनावर बोट टेकवताच त्याच्या बाराखडीचे चक्र उघडतो. तिथे कौशल्य अंगठ्याचे असते, दहा बोटांचे नाही. मोबाइलवर झरझर मराठी लिहिणारा विद्यार्थी संगणकापुढे बसला की अडखळतो, त्याचे कारण हे.

नोकरीचा विचार असेल तर मांडणीचा प्रश्न आणखी नेमका होतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा घेते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचे प्रमाणपत्र मागितले जाते. अशी परीक्षा द्यायची असेल त्याने ती कोणत्या मांडणीवर घेतली जाते हे आधी विचारून त्याच मांडणीचा कार्यक्रम घ्यावा. एकीवर बसलेली बोटे दुसरीवर हलवणे हा दुप्पट कष्टाचा मामला आहे.

वेगाचे आकडे वाचतानाही थोडे सावध असावे. टायपिंगच्या हिशेबात एक शब्द म्हणजे सहसा पाच कळदाब. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत मिनिटाला ३५ इंग्रजी शब्द म्हणजे तासाला १०,५०० कळदाब धरतात, तो याच हिशेबाने. आता ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून पाहा. व, वेलांटी, द, पाय मोडणे, य, काना... असे मोजत गेले तर १५ कळा होतात, शिवाय ‘थ’साठी शिफ्ट वेगळे. पाच कळांच्या हिशेबाने हा एकच शब्द तीन शब्दांचा झाला. कार्यक्रम प्रत्यक्ष शब्द मोजतो की कळा, हे न पाहता दोन कार्यक्रमांतल्या वेगांची तुलना केली तर मूल उगाच खूश होईल किंवा उगाच खट्टू होईल. आणि सुटी अक्षरे पाडणारा मराठी खेळ रफार, रकार, अनुस्वार, जोडाक्षरे यांचा सराव देणारच नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मराठीसाठी तयार खेळ कमी आहेत, पण मार्ग बंद नाही. सी-डॅकने इनस्क्रिप्टचा टायपिंग शिक्षक तयार केला आहे. ‘केटच’ आणि ‘क्लावारो’ या मुक्त कार्यक्रमांत शिक्षकाला स्वतःचे धडे घालता येतात. मधल्या ओळीच्या शब्दांपासून सुरुवात करून, वरची ओळ, खालची ओळ, मग शिफ्टची अक्षरे अशी वीस-पंचवीस धड्यांची माळ मराठीचा आणि संगणकाचा शिक्षक मिळून एखाद्या सुट्टीत तयार करू शकतात. ‘केटच’मध्ये चूक दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ न देण्याची सोयही आहे. ‘टक्स टायपिंग’, लहान मुलांच्या खेळांचा ‘जीकॉम्प्री’ हा संच आणि हे दोन्ही कार्यक्रम इंटरनेटशिवाय, जुन्या संगणकांवर चालतात. ज्या शाळेत दहा संगणकांपुढे पन्नास मुले बसतात आणि जोडणी मधूनच जाते, तिथे याहून मोठा गुण नाही.

संकेतस्थळावरचा खेळ निवडताना एक कायदेशीर बाजूही पाहावी. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक ठरवली आहे आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. टायपिंगचा सराव करायला मुलाचे नाव, जन्मतारीख आणि ईमेल लागण्याचे काही कारण नाही. खाते न उघडता चालणारा, कडेला जाहिराती न हलवणारा खेळ मिळत असेल तर लहान वर्गांसाठी तोच घ्यावा. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी ‘टॉकिंग टायपर’सारखे प्रत्येक कळ बोलून दाखवणारे कार्यक्रम आहेत. अशा मुलांना तर कळफलकाकडे पाहण्याची सवय लागण्याचा प्रश्नच येत नाही, आवाज नीट असला की झाले.

सराव किती वेळ घ्यावा, यावर १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक ब्रिटिश प्रयोग अजूनही वाचनीय आहे. टपाल खात्याला पत्रे वेगळी करणाऱ्या यंत्रांसाठी पोस्टमनना टायपिंग शिकवायचे होते. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट केले. एका गटाला दिवसातून एकदा एक तास शिकवले, तर दुसऱ्या टोकाच्या गटाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका दिल्या. रोज एक तास शिकणाऱ्यांना कळफलक बसायला सुमारे ३५ तास लागले, चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. गंमत अशी की कमी तासांत शिकणारा गटच सर्वांत नाराज होता, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडलो असे त्यांना वाटे. खेळांतल्या चांदण्या, पदके, पातळ्या यांचा खरा उपयोग इथे आहे. थोडा-थोडा सराव अनेक दिवस टिकवायचा तर प्रगती रोज डोळ्यांना दिसावी लागते. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक लांब तास देण्यापेक्षा तोच वेळ तीन-चार छोट्या तुकड्यांत वाटणे त्यामुळे शहाणपणाचे.

कार्यक्रम वर्गात आणण्यापूर्वी शिक्षकाने तो दहा मिनिटे स्वतः, मुद्दाम चुका करत चालवून पाहावा. चुकीची कळ दाबली तर तो थांबतो, खूण करतो, की काहीच करत नाही? न बघता टाइप करणाऱ्याला जास्त गुण मिळतात, की भराभर बडवणाऱ्याला? कच्चे अक्षर परत समोर येते का? शेवटी अहवालात नुसता वेग दिसतो, की कोणत्या कळीवर किती चुका झाल्या तेही दिसते? आणि आपला मजकूर त्यात घालता येतो का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण खेळ कधीतरी सोडायचे असतात. अमेरिकेच्या ‘कॉमन कोअर’ शैक्षणिक मानकांत चौथीच्या मुलाने एका बैठकीत एक पान, पाचवीच्या मुलाने दोन आणि सहावीच्या मुलाने तीन पाने टाइप करावीत अशी अपेक्षा आहे. मिनिटाला किती शब्द, हा तिथे प्रश्नच नाही. आपल्याकडे मराठीत असा सराव करायला ‘विकिस्रोत’ ही चांगली जागा आहे. प्रताधिकारमुक्त जुन्या मराठी पुस्तकांची छायाचित्रित पाने तिथे एका बाजूला दिसतात आणि दुसऱ्या बाजूला मजकूर टाइप करून किंवा सुधारून ठेवायचा असतो. एका सदस्याने पान तपासले की त्याची खूण पिवळी होते. दुसऱ्या कोणी ते मूळ पानाशी ताडून पाहिले आणि चूक राहिली नाही अशी खात्री झाली, तरच ती हिरवी होते.